नवसैनिकांची दृष्टी आणि शाळेचे अंगण

सैन्यात दाखल होऊ इच्छिणाऱ्या तरुणाची वैद्यकीय तपासणी होते, तेव्हा उंची, वजन आणि छाती यांच्या मापाबरोबर त्याच्या दृष्टीचीही परीक्षा घेतली जाते. एक डोळा झाकून सहा मीटर अंतरावरील तक्त्यावरची अक्षरे वाचावयाची आणि मग दुसऱ्या डोळ्याने तेच करावयाचे, असे या परीक्षेचे साधे स्वरूप असते. ती काही मिनिटांत आटोपते. तिचा निकाल मात्र बहुधा आठ-दहा वर्षांपूर्वी, तो तरुण शाळेच्या खालच्या वर्गांत शिकत असताना, ठरून गेलेला असतो. गेल्या दोन शतकांत निरनिराळ्या देशांच्या सैन्यांनी नवसैनिकांच्या दृष्टीच्या ज्या नोंदी ठेवल्या, त्यांतून निघणारा मुख्य निष्कर्ष हाच आहे. म्हणूनच त्या नोंदी लष्करी वैद्यकापुरत्या मर्यादित न राहता शिक्षक, आरोग्य कर्मचारी आणि ग्रामपंचायतींचे सदस्य यांच्याही अभ्यासाचा विषय ठरतात.

निकटदृष्टिता म्हणजे काय?

जवळचे स्पष्ट व लांबचे अंधुक दिसणे, या दोषास निकटदृष्टिता किंवा ऱ्हस्वदृष्टी असे म्हणतात. बोलण्यात तिला ‘मायनस नंबर’ असे नाव पडले आहे. निरोगी डोळ्यात दूरच्या वस्तूची प्रतिमा नेत्रगोलाच्या मागील दृष्टिपटलावर नेमकी पडते. नेत्रगोल वाजवीपेक्षा लांब वाढला की ही प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते आणि दूरचे दृश्य पुसट होते. प्रौढ माणसाच्या नेत्रगोलाची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. तीत एका मिलिमीटरची जादा भर पडली, तर सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा नंबर येतो. यावरून हा अवयव किती काटेकोर मापाचा आहे, याची कल्पना येईल.

नंबराचा अर्थ साध्या गणिताने समजतो. एक मीटर या अंतरास नंबराने भागले असता, चष्म्याशिवाय कोठपर्यंत स्पष्ट दिसते ते अंतर मिळते. उणे एक नंबर असलेल्यास एक मीटरपर्यंत, उणे दोन असलेल्यास अर्ध्या मीटरपर्यंत आणि उणे सहा असलेल्यास जेमतेम १७ सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसते. सर्वसाधारणपणे उणे अर्ध्या डायॉप्टरपासून निकटदृष्टिता आणि उणे सहाच्या पुढे तीव्र निकटदृष्टिता मानण्यात येते. अंतर्गोल भिंगाच्या चष्म्याने प्रतिमा पुन्हा जागेवर आणता येते. परंतु एकदा लांबलेला नेत्रगोल कोणत्याही औषधाने किंवा व्यायामाने पूर्ववत आखूड होत नाही.

जुन्या नोंदींची साक्ष

या विषयावरील एक जुनी व महत्त्वाची नोंद १८१३ सालची आहे. लंडनचे नेत्रशल्यविशारद जेम्स वेअर यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात ब्रिटिश पायदळाच्या रक्षक पलटणींची माहिती दिली होती. सुमारे दहा हजार शिपायांच्या या दलात जवळजवळ वीस वर्षांत निकटदृष्टितेमुळे नाकारलेल्या नव्या उमेदवारांची संख्या अर्धा डझनही नव्हती. त्याच निबंधात वेअर यांनी ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयाचाही दाखला दिला. तेथील १२७ जणांपैकी ३२ जण दूरचे पाहण्यासाठी भिंग वापरीत असत. त्या काळी डोळ्यांचे मोजमाप आजच्याइतके सूक्ष्म नव्हते, हे लक्षात घेतले तरी पलटणी आणि महाविद्यालय यांतील अंतर डोळ्यांत भरण्यासारखे आहे. शिपाई आले होते ते शेतीच्या व अंगमेहनतीच्या कामांतून, विद्यार्थी आले होते ते पुस्तकांतून.

पुढे १८६७ मध्ये ब्रेस्लाऊ येथील हर्मान कोन यांनी दहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांचे डोळे तपासले. खेड्यातील शाळांत निकटदृष्टितेचे प्रमाण शेकडा दीडहूनही कमी, तर उच्च शिक्षणाची तयारी करून घेणाऱ्या शहरी शाळांत शेकडा सव्वीसच्या आसपास असल्याचे त्यांना आढळले. वरच्या वर्गांत हे प्रमाण वाढतच गेले होते. डेन्मार्कमध्ये मारियस चेर्निंग यांनी १८८२ मध्ये सात हजारांहून अधिक भरतीयोग्य तरुणांची पाहणी प्रसिद्ध केली. तीतही विद्यार्थ्यांत हा दोष सर्वाधिक आणि शेतकरी व मजूर यांच्यात सर्वांत कमी असल्याचे दिसून आले. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच शिक्षण व निकटदृष्टिता यांचा संबंध अशा रीतीने नोंदला गेला होता.

सक्तीची सेवा असलेल्या देशांतील आकडेवारी

ज्या देशांत ठरावीक वयाच्या तरुणांना सैनिकी सेवा सक्तीची असते, तेथील तपासणी ही बहुतांशी त्या पिढीतील मुलग्यांच्या डोळ्यांची शिरगणतीच असते. रुग्णालयात दोष जाणवलेलेच लोक येतात, तेथे मात्र सर्वांनाच यावे लागते. म्हणून या आकडेवारीस विशेष मोल आहे.

इस्रायलमध्ये १९९० ते २००२ या तेरा वर्षांत नऊ लाखांहून अधिक नवसैनिकांच्या नोंदी अभ्यासण्यात आल्या. या काळात निकटदृष्टितेचे प्रमाण २०.३ टक्क्यांवरून २८.३ टक्क्यांवर गेले. ऑस्ट्रियातील सुमारे १५ लाख तरुणांच्या तपासणीत १९८३ मध्ये १३.८ टक्के असलेले प्रमाण २०१७ मध्ये २४.४ टक्के झाल्याचे आढळले. डेन्मार्कच्या कोपनहेगन परिसरातील नवसैनिकांत ते या शतकाच्या पहिल्या दशकात १२.८ टक्के, म्हणजे तुलनेने कमी होते.

पूर्व आशियातील चित्र याहून चिंताजनक आहे. सिंगापूरमध्ये सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढील दहा वर्षांत सुमारे २६ टक्के तरुणांत हा दोष नोंदला गेला होता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हा आकडा सुमारे ४३ टक्क्यांवर गेला. १९९६-९७ मध्ये १५ हजारांहून अधिक नवसैनिकांचे डोळे यंत्राने मोजण्यात आले, तेव्हा तो ७९.३ टक्के भरला. मोजण्याची पद्धत मध्यंतरी बदलल्याने हे आकडे तंतोतंत एका मापाचे मानता येत नाहीत, पण चढती दिशा स्पष्ट आहे. दक्षिण कोरियात सोल शहरातील १९ वर्षांच्या २३ हजारांहून अधिक तरुणांची २०१० मध्ये तपासणी झाली. त्यांत निकटदृष्टितेचे प्रमाण ९६.५ टक्के होते. याचा अर्थ असा की, त्या महानगरात चष्म्याची गरज नसलेला तरुण हाच अपवाद ठरला. त्यांपैकी तीव्र निकटदृष्टिता २१.६ टक्के तरुणांत होती. त्याच देशाच्या जेजू या ग्रामीण बेटावरील तरुणांत निकटदृष्टितेचे प्रमाण ८३.३ टक्के, तर तीव्र निकटदृष्टितेचे प्रमाण सात टक्क्यांहून कमी आढळले. खेड्यातील मुलेही या दोषातून सुटली नाहीत, परंतु त्याची तीव्रता तेथे पुष्कळच कमी राहिली.

दोष वंशाचा की राहणीचा?

आईवडिलांना चष्मा असल्यास मुलास तो लागण्याचा संभव वाढतो, हे खरे आहे. पण दोन-तीन दशकांत एखाद्या समाजाची आनुवंशिक घडण बदलत नाही. इतक्या अल्पावधीत झालेल्या वाढीचे कारण राहणीतच शोधावे लागते.

इस्रायलमधील एक पाहणी याबाबत उद्बोधक आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत लष्करी तपासणीस आलेल्या १७ वर्षांच्या यहुदी मुलग्यांची त्यांच्या शाळांच्या प्रकारानुसार विभागणी करण्यात आली होती. सर्वसाधारण सरकारी शाळांतील मुलांत निकटदृष्टितेचे प्रमाण २९.७ टक्के, धार्मिक सरकारी शाळांत ५०.३ टक्के आणि कर्मठ पंथीयांच्या शाळांत ८२.२ टक्के होते. या शेवटच्या शाळांत अगदी लहान वयात वाचनास आरंभ होतो आणि बारीक अक्षरांतील ग्रंथांचे अध्ययन दिवसाचे अनेक तास चालते. देश एक, वय एक, तपासणी एक. मुख्य फरक होता तो शाळेचा व दिनक्रमाचा.

सिंगापूरची १९९६-९७ ची तपासणी भारतीय वाचकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. तीत चिनी वंशाच्या तरुणांत हे प्रमाण ८२.२ टक्के होते, तर मलय वंशीयांत ६५ टक्के आणि भारतीय वंशीयांत ६८.७ टक्के. निकटदृष्टिता हा केवळ चिनी वा कोरियन लोकांचा दोष आहे, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. भारतीय वंशाचे मूल त्याच शाळेत, त्याच स्पर्धेत व तशाच बंद खोलीत वाढले की त्याचाही डोळा लांबतो.

उलट बाजूचा पुरावा २००८ मध्ये पुढे आला. चिनी वंशाच्याच सहा-सात वर्षांच्या मुलांची सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे तुलना करण्यात आली. सिंगापूरमध्ये निकटदृष्टिता २९.१ टक्के, तर सिडनीत केवळ ३.३ टक्के मुलांत आढळली. सिडनीची मुले वाचनात मागे नव्हती. परंतु ती आठवड्यातून सुमारे पावणेचौदा तास घराबाहेर मोकळ्यावर घालवीत होती, सिंगापूरची मुले केवळ तीन तास.

उजेडाचे कार्य

मोकळ्या जागेचा डोळ्याशी संबंध कसा पोहोचतो, याचे उत्तर प्रामुख्याने उजेडात आहे. दिवाबत्ती असलेल्या खोलीतील प्रकाश साधारणपणे काही शे लक्स इतका असतो. उघड्या आकाशाखाली तो दहा हजार लक्सच्या पुढे सहज जातो. भरपूर उजेडात दृष्टिपटलातून डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते आणि ते नेत्रगोलाच्या अनिर्बंध वाढीस आवर घालते, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसून आले आहे. त्याशिवाय मोकळ्यावर नजर दूरवर फिरते, पुस्तकावर किंवा पडद्यावर ती खिळून राहत नाही.

यासाठी मुलांना भर उन्हात उभे करण्याची मुळीच आवश्यकता नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. झाडाच्या सावलीतील उजेडही वर्गातील उजेडाहून कितीतरी अधिक असतो आणि तो उपयोगी पडतो. चैत्र-वैशाखातील दुपार टाळून सकाळी व सायंकाळी, एरवी वड, पिंपळ किंवा कडुनिंबाच्या सावलीत घालवलेला वेळ या कामी पुरेसा आहे.

हा केवळ तर्क नाही. चीनमधील ग्वांगझू शहरातील बारा प्राथमिक शाळांत २०१० पासून तीन वर्षे एक प्रयोग करण्यात आला. त्यांपैकी सहा शाळांत पहिलीच्या मुलांना दररोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर देण्यात आला. तीन वर्षांअखेर नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना निकटदृष्टिता जडली, तर मैदानाचा तास मिळालेल्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना. शंभरांमागे नऊ मुलांचा दोष टळला किंवा निदान पुढे ढकलला गेला. तैवानने २०१० पासून प्राथमिक शाळांतील मुलांनी रोज १२० मिनिटे बाहेर राहावे, अशी देशव्यापी मोहीम हाती घेतली. तेथे दृष्टी कमी झालेल्या मुलांचे प्रमाण २००१ पासून दहा वर्षे वाढत जाऊन ५० टक्क्यांवर पोहोचले होते. ते २०१२ मधील ४९.४ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ४६.१ टक्क्यांवर आले. घट लहान असली, तरी वाढीचा ओघ उलटला, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

या उपायाची एक मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. मैदानावरील वेळेचा लाभ मुख्यतः दोष उत्पन्न होण्यापूर्वी होतो. एकदा नंबर लागल्यावर त्याची वाढ रोखण्याचे सामर्थ्य या उपायात तितके नाही. म्हणून तो अंगणवाडीपासून व पहिलीपासूनच अमलात आणणे जरूर आहे.

चष्म्यापलीकडील प्रश्न

चष्म्याने दिसू लागते, मग चिंता कशाची, असे विचारले जाते. सैनिकाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पाऊस, घाम, धूळ आणि धुके यांत चष्मा निकामी होतो. वायुरोधक मुखवट्याखाली तो अडचणीचा ठरतो. ऐन प्रसंगी तो फुटला, तर उणे चार नंबराच्या सैनिकास पाव मीटरपलीकडचे स्पष्ट दिसत नाही. याच कारणाने सैन्याच्या निरनिराळ्या शाखांनी दृष्टीचे निरनिराळे निकष ठेवलेले असतात आणि वैमानिकासारख्या कामांसाठी ते अधिक कडक असतात.

नागरिकाच्या बाबतीतही प्रश्न चष्म्यापाशी संपत नाही. नेत्रगोल फार लांबला की त्याच्या आतील दृष्टिपटल ताणले जाऊन पातळ होते. ते सुटण्याचा, त्याचा मध्यभाग झिजण्याचा, तसेच काचबिंदूचा धोका वाढतो. उतारवयात याची परिणती कायमच्या अंधत्वातही होऊ शकते. लेझर शस्त्रक्रियेने डोळ्याच्या पुढील पारपटलाचा आकार बदलून चष्मा दूर करता येतो. परंतु नेत्रगोलाची लांबी तशीच राहते आणि तिच्यातून उद्भवणारा धोकाही तसाच राहतो. शिवाय अशा शस्त्रक्रियेसंबंधीचे भरतीचे नियम शाखेनुसार वेगवेगळे असतात. उमेदवाराने त्या त्या भरतीची अधिसूचना वाचल्याशिवाय शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे इष्ट नाही.

आपल्याकडील स्थिती

भारतात सैन्यसेवा ऐच्छिक आहे. भरतीस येणारे तरुण स्वतःहून आलेले असतात आणि ज्यांना चष्मा आहे, त्यांतील अनेक जण मैदानापर्यंत येतही नाहीत. त्यामुळे भारतातील भरतीच्या आकड्यांवरून संपूर्ण पिढीचा अंदाज बांधता येत नाही. येथे शाळकरी मुलांच्या पाहण्यांचाच आधार घ्यावा लागतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत दिल्लीच्या शहरी मुलांत निकटदृष्टितेचे प्रमाण ७.४ टक्के, तर तत्कालीन आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ४.१ टक्के आढळले होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या शाळांतील पाहणीत हा आकडा १३.१ टक्के होता. दररोज दोन तासांहून अधिक वेळ मैदानावर असणाऱ्या मुलांत तो कमी होता. पुणे परिसरातील शाळकरी मुलांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शहरी मुलांतील प्रमाण ग्रामीण मुलांच्या सुमारे दुप्पट दिसून आले. ही मुले नवसैनिकांहून वयाने लहान असल्याने सोल किंवा सिंगापूरच्या आकड्यांशी त्यांची थेट तुलना करता येणार नाही. पण आपण आज ज्या पायरीवर आहोत, त्या पायरीवरून ते देशही एके काळी वर चढले, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रास या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यास सुरू झाली. त्याच जिल्ह्यातील अपशिंगे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत घरटी एखादा मुलगा सैन्यात पाठविण्याची परंपरा असलेली गावे आहेत. अशा गावांतील मुले पहाटे उठून धावण्याचा सराव करतात, दंड-बैठका काढतात, वर्षानुवर्षे शरीर कमावतात. एवढे करूनही अक्षरांच्या तक्त्यापुढे एखाद्याची पावले अडतात, कारण त्याच्या डोळ्यांची तपासणी तोपर्यंत कधी कोणी केलेलीच नसते. ज्या वयात उपाय शक्य होता, ते वय तेव्हा मागे पडलेले असते.

शाळा व ग्रामपंचायत यांचे कार्य

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू असून शाळकरी मुलांची नेत्रतपासणी हा त्याचा एक भाग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याखाली आरोग्य पथके अंगणवाड्यांना व शाळांना भेटी देतात. या योजनांचा लाभ मुलांपर्यंत पोहोचणे हे पुष्कळसे शिक्षकांच्या सहकार्यावर अवलंबून असते. पथक येण्याच्या दिवशी सर्व मुले हजर राहतील आणि दोष आढळलेल्या मुलाच्या हातात प्रत्यक्ष चष्मा पडेल, इतका पाठपुरावा झाला पाहिजे.

शिक्षकास काही लक्षणे वर्गातच टिपता येतात. फळ्यावरचे वाचताना डोळे बारीक करणारे, पुस्तक नाकाशी धरणारे, फळ्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारे मूल ‘ढ’ किंवा आळशी नसून त्यास दिसत नसण्याचा संभव असतो. सहा मीटर अंतर आखून व तक्ता भिंतीवर लावून वर्षातून एकदा प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र चाचणी घेणे कोणत्याही शाळेस शक्य आहे. दोन्ही डोळे एकदम तपासल्यास एका डोळ्यातील दोष दुसऱ्याच्या आड लपतो. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा गैरसमज पालकसभेत दूर करावयास हवा. मूल वाढत असते म्हणून नंबर वाढतो, चष्म्यामुळे नव्हे. मुलीला चष्मा लागल्यास लग्नात अडचण येईल, या भीतीने तिचा दोष लपविला जातो, त्याकडेही लक्ष पुरविले पाहिजे.

वेळापत्रकात खेळाचा तास असतोच. परंतु परीक्षा जवळ आली की गणिताच्या किंवा इंग्रजीच्या जादा तासासाठी प्रथम त्याचाच बळी दिला जातो. तो अबाधित राखणे, मधली सुट्टी वर्गाबाहेर घालवण्याचा नियम करणे, परिसर अभ्यासाचे काही पाठ झाडाखाली घेणे, यांस वेगळा खर्च लागत नाही. शाळेतील वेळ व घरचा वेळ मिळून दिवसाकाठी दोन तास उघड्यावर जावेत, एवढे उद्दिष्ट पुरेसे आहे. घरी अर्धा-पाऊण तास वाचनानंतर नजर दूरवर टाकणे आणि मोबाइलच्या पडद्यास वेळेची मर्यादा घालणे, ही पालकांची बाजू होय.

ग्रामपंचायतींच्या हाती याहून मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे जागा. शाळेचे मैदान अतिक्रमणापासून राखणे, त्याच्या कडेने सावलीची झाडे लावून ती जगविणे आणि गावठाणातील मोकळी जागा मुलांसाठी मोकळीच ठेवणे, हे दृष्टिरक्षणाचेच काम आहे. ज्या मैदानावर बांधकाम झाले, ते पुन्हा मोकळे होणे कठीण असते.

अभ्यास कमी करावा, असा याचा अर्थ नाही. सिडनीच्या मुलांनी पुस्तके सोडली नव्हती, त्यांना अंगणही मिळाले होते, इतकेच. सोल आणि सिंगापूर येथील नवसैनिकांच्या नोंदी, एका पिढीचे अंगण हरवले असता काय होते, ते सांगतात. महाराष्ट्रातील बहुसंख्य मुलांची दृष्टी अद्याप शाबूत आहे. ती तशीच राखावयाची, तर आज पहिलीत बसलेल्या मुलाला या वर्षापासूनच रोजचे दोन तास उजेड मिळाला पाहिजे.